फोटोखाली गाणं कशाला?

७ ऑगस्ट १९३०. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं मॅरियन हे गाव. जमावाने तुरुंग फोडला, दोन कृष्णवर्णीय तरुणांना बाहेर ओढलं, मारलं आणि कोर्टाच्या आवारातल्या झाडाला लटकवलं. गावात स्टुडिओ चालवणाऱ्या लॉरेन्स बाइटलरने त्या रात्री एक फोटो काढला. वर दोन देह, खाली गर्दी. गर्दीतले काही जण कॅमेऱ्याकडे बघतायत, एक माणूस बोटाने झाडाकडे दाखवतोय, काहींच्या चेहऱ्यावर हसू आहे. या फोटोच्या हजारो प्रती विकल्या गेल्या, आणि त्या घेणाऱ्यांनी पुरावा म्हणून नव्हे, आठवण म्हणून घेतल्या.

काही वर्षांनी हा फोटो न्यूयॉर्कमधल्या एबल मीरोपोल नावाच्या शिक्षकाच्या पाहण्यात आला. त्याने त्यावर कविता लिहिली, ती १९३७ मध्ये छापून आली, मग त्यानेच तिला चाल लावली. १९३९ मध्ये गायिका बिली हॉलिडेने ते गाणं, ‘स्ट्रेंज फ्रूट’, ध्वनिमुद्रित केलं. तिच्या नेहमीच्या कंपनीने ते करायला नकार दिल्यामुळे तिला एका छोट्या कंपनीकडे जावं लागलं. त्या गाण्यात गर्दी नाही. झाड आहे, पानं आणि मुळं आहेत, मॅग्नोलियाचा वास आहे, कावळे आहेत. फोटोत जे ढळढळीत दिसतं ते गाण्याने वगळलं आणि जे फोटोत येऊच शकत नाही, तो वास, ते आणलं. कॅफे सोसायटी या क्लबमध्ये ती हे गाणं कार्यक्रमाच्या शेवटी म्हणे. वेटर टेबलांवर देणं-घेणं थांबवत, सगळे दिवे मालवले जात, तिच्या चेहऱ्यावर तेवढा एक झोत राही. गाणं संपलं की तोही बंद. पुन्हा म्हणा, असा आग्रह मान्य होत नसे.

फोटो आणि गाणं यांचं नातं याहून जवळचं असू शकत नाही. तरी एक गोष्ट लक्षात घ्या: गाणं फोटोमधून जन्मलं, पण फोटोखाली वाजलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी आडवळणाने मांडणार नाही. ज्याने फोटो काढलेला नाही, त्याने माणसांच्या दुःखाच्या आणि अन्यायाच्या फोटोंखाली लोकप्रिय गाणं लावू नये. शाळेच्या कार्यक्रमात नाही, प्रदर्शनाच्या उद्घाटनाला नाही, संस्थेच्या मदतीच्या आवाहनात नाही आणि मोबाइलवरच्या तीस सेकंदांच्या रीलमध्ये तर नाहीच. हे गाण्याच्या विरोधात बोलणं नव्हे. दोन्ही कलांवर जीव असणाऱ्यानेच हे म्हणायला हवं, कारण या जोडणीत दोघांचंही नुकसान होतं आणि ते मोजून दाखवता येतं.

आधी फोटोचं बघू. ३५ मिलिमीटर कॅमेऱ्याची चौकट रुंदीला ३, उंचीला २ या प्रमाणात असते. मोबाइलवरचा उभा व्हिडिओ ९:१६. आडवा फोटो उभ्या पडद्यावर पूर्ण उंचीने भरला, तर मूळ रुंदीचा ३७.५ टक्के भाग उरतो आणि बाकीचा ६२.५ टक्के बाहेर जातो. डॉक्युमेंटरी फोटोत मजकूर बहुतेक वेळा कडांवरच असतो: दारात उभा मुकादम, भिंतीवरची पाटी, बाईच्या पदराआड लपलेलं मूल, रस्त्याच्या पलीकडे ढिम्म उभे असलेले बघे. मॅरियनच्या फोटोचा मधला उभा पट्टा कापून घेतला तर कॅमेऱ्याकडे बघणारे कितीतरी चेहरे जातील. म्हणजे गुन्हा राहील आणि गुन्हेगार निसटतील. काही जण कापण्याऐवजी फोटो पडद्यावर हळूहळू सरकवतात, चेहऱ्यावर झूम करतात. त्याने नुकसान भरून निघत नाही, कारण कुठे आणि कधी बघायचं हे ठरवण्याचा बघणाऱ्याचा अधिकारच त्यात काढून घेतला जातो.

मग वेळेचा हिशोब. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं म्हणजे एक ठोका अर्ध्या सेकंदाचा आणि चार मात्रांचं आवर्तन दोन सेकंदांचं. रील जुळवणारी अ‍ॅप आवर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर फोटो बदलतात, कारण तसं केलं की ते ‘जुळून आल्यासारखं’ वाटतं. तीस सेकंदांत पंधरा फोटो. सात-आठ माणसांचा गट असलेल्या फोटोत प्रत्येक चेहऱ्यावर नजर एकदा फिरवायलाच दहा-पंधरा सेकंद लागतात. दोन सेकंदांत डोळ्यांना सर्वांत उजळ आणि सर्वांत मोठी गोष्ट तेवढी पकडता येते, ती म्हणजे बहुधा एखादा रडवेला चेहरा. पंधरा फोटोंमधून पंधरा रडवेले चेहरे हाती लागतात, त्यातले तीन दुष्काळाचे होते, चार विस्थापनाचे आणि दोन संपाचे, हे कळायला वावच राहत नाही.

खरं नुकसान मात्र भावनेचं आहे. चांगला फोटो एकाच वेळी दोन-तीन गोष्टी मनात जागवतो आणि त्या एकमेकींशी भांडत राहतात. डोरोथिया लँगने मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर काढलेला बत्तीस वर्षांच्या आईचा फोटो घ्या. दोन मुलं पाठमोरी तिच्या खांद्यांवर टेकलेली, एक मांडीवर, तिचा हात गालाशी. ती रडत नाहीये. कॅमेऱ्याकडेही बघत नाहीये. तिच्या कपाळावर आठ्या आहेत आणि ती कसला तरी विचार करतेय, बहुधा अगदी व्यवहाराचा. या फोटोखाली संथ पियानो आणि भरपूर घुमारा दिलेला आवाज लावून बघा. त्या आठ्यांमधला विचार गायब होतो आणि उरते ती ‘बिचारी’. सुरांनी आपल्याला आधीच सांगून टाकलेलं असतं की हे करुण आहे, मग डोळे वेगळं काही शोधायला जातच नाहीत. संपावर बसलेल्या कामगाराचा ताठ कणा, मोर्च्यातल्या बाईच्या चेहऱ्यावरचा राग, मदतीच्या रांगेतल्या मुलाचं मिश्कील हसू, सगळ्यावर तोच एक रंग चढतो. दया आणि माहिती यांतलं काही एक निवडायचं झालं तर फोटोतल्या माणसांना माहितीचा उपयोग जास्त असतो.

गाण्याचंही याच रीतीने वाटोळं होतं, याकडे संगीतप्रेमींनी लक्ष दिलेलं नाही. रीलसाठी घेतला जातो तो गाण्याचा सर्वांत चटकदार तुकडा, म्हणजे बहुतेक वेळा ध्रुवपद. लोकप्रिय गाण्याची सगळी करामत ध्रुवपद आणि कडवी यांच्या नात्यात असते. दर कडव्यानंतर ध्रुवपद परत येतं, शब्द तेच असतात, पण मधल्या कडव्याने त्यांचा अर्थ हलवलेला असतो. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचं १९८४ मधलं ‘बॉर्न इन द यूएसए’ हे याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. ध्रुवपद मूठ उंचावून म्हणावं असं, कडव्यांमध्ये मात्र व्हिएतनामहून परतलेल्या आणि कुठेच काम न मिळालेल्या सैनिकाची हकिकत. ज्यांनी फक्त ध्रुवपद ऐकलं त्यांनी ते देशाभिमानाचं गाणं म्हणून डोक्यावर घेतलं. फोटोच्या कडा कापणं आणि गाण्याची कडवी कापणं ही एकच चूक आहे. दोन्हीकडे जी गैरसोयीची बाजू असते ती छाटली जाते.

पैशांच्या बाबतीतली तफावत तर फारच उघडी आहे. गाणं अपलोड झालं की मोठ्या व्हिडिओ संकेतस्थळांवरची ध्वनीचा ठसा ओळखणारी यंत्रणा ते जुळवते, हक्कदाराचं नाव दाखवते, जाहिरातीचा वाटाही वळता होऊ शकतो. फोटोसाठी सर्वसामान्य वापरात तसं काही होत नाही. फोटोच्या फाईलच्या पोटात फोटोग्राफरचं नाव, तारीख, ठिकाण आणि फोटोओळ भरून ठेवायची सोय आहे. स्क्रीनशॉट घेतला की ती जाते, पुष्कळ संकेतस्थळांवर फोटो चढवतानाच ती पुसली जाते, आणि व्हिडिओत घातल्यावर तर प्रश्नच मिटतो. शेवटी पडद्यावर गायकाचं नाव असतं, संगीतकाराचं असतं, रील बनवणाऱ्याचं असतं. नसतं ते फोटो काढणाऱ्याचं आणि ज्याचा काढला त्याचं.

यावर हमखास येणारं उत्तर असं: गाण्याशिवाय फोटो बघतं कोण? गाणं लावलं तर लाखो लोकांपर्यंत पोचतं, चार पैसे मदत गोळा होते. हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखं नाही. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन आणि सतारवादक पंडित रविशंकर यांनी बांगलादेशी निर्वासितांसाठी केलेल्या दोन कार्यक्रमांना मिळून सुमारे चाळीस हजार श्रोते आले आणि तिकिटांतून जमलेले २,४३,४१८ डॉलर युनिसेफला गेले. नंतर निघालेल्या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठावर रिकाम्या थाळीपुढे बसलेल्या उपाशी मुलाचा फोटो होता. लोकप्रिय संगीताच्या ताकदीने एका देशाचं नाव जगभर घरोघरी नेलं, यात शंका नाही. पण इथे गाणं आणि फोटो शेजारी-शेजारी होते, एकमेकांवर चढवलेले नव्हते. ध्वनिमुद्रिका हातात घेऊन मुखपृष्ठ पाहिजे तितका वेळ बघता येत होतं आणि गाणं पूर्ण ऐकता येत होतं. (पैशांची पुढची गोष्ट आयोजकांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. करसवलतीसाठी लागणारी व्यवस्था आधी लावली नव्हती, त्यामुळे ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटाचं बरंचसं उत्पन्न कितीतरी वर्षं कराच्या भानगडीत अडकून पडलं. भावनेच्या भरात उभारलेल्या मदतीचं नेमकं काय बिघडतं ते यावरून कळतं.)

त्याच कार्यक्रमात रविशंकर आणि त्यांचे साथीदार वाद्यं लावत होते आणि ते थांबताच प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. वाद्यं लावणंच इतकं आवडलं असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा आहे, असं पंडितजी सौम्यपणे म्हणाले. श्रोत्यांची नियत उत्तम होती. कुठे दाद द्यायची हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सामाजिक आशयाच्या फोटोंच्या बाबतीत आपली आज नेमकी हीच अवस्था आहे.

गाणं आणि फोटो वेगवेगळे ठेवल्याचं याआधीचं उदाहरणही आहे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुनील जाना यांनी काढलेले फोटो कम्युनिस्ट पक्षाच्या साप्ताहिकातून लोकांसमोर आले, तर त्याच सुमारास उभ्या राहिलेल्या इप्टा या जननाट्य संघाच्या कलापथकांनी गावोगाव गाणी आणि नाच करून दुष्काळासाठी पैसे जमवले. छापील पानाने पुराव्याचं काम केलं, गाण्याने माणसं जमवण्याचं. कामं वाटलेली होती आणि म्हणून दोन्ही चोख झाली.

माझ्या म्हणण्याच्या विरोधात जाणारं सर्वांत भक्कम उदाहरण मात्र वेगळंच आहे. अमेरिकन फोटोग्राफर नॅन गोल्डिनने आपल्या मित्रमंडळींच्या आयुष्याचे फोटो स्लाइड-शोच्या रूपात दाखवले: जवळपास ७०० फोटो, सुमारे ४५ मिनिटं, आणि खाली सतत गाणी. म्हणजे एका फोटोला चार सेकंदही येत नाहीत. तरी ते काम आधुनिक फोटोग्राफीतलं मोलाचं काम मानलं जातं आणि मलाही ते तसंच वाटतं. तर मग नुसता सेकंदांचा हिशोब पुरेसा नाही, हे मान्य करायला हवं. गोल्डिनच्या बाबतीत फोटो काढणारी, गाणी निवडणारी आणि क्रम लावणारी व्यक्ती एकच आहे. फोटोतली माणसं तिच्या घरातली, अंथरुणातली, भांडणातली आहेत आणि सुरुवातीच्या खेळांना तीच माणसं प्रेक्षकांत बसत. गाण्याचे शब्द फोटोंवर टिप्पणी करतात, कधी त्यांना खोटं पाडतात. तिथे गाणं हा कामाचाच भाग आहे. तिऱ्हाइताने नंतर ओतलेला पाक नाही. म्हणूनच सुरुवातीला माझं म्हणणं मांडताना ‘ज्याने फोटो काढलेला नाही त्याने’ असं म्हटलं आहे, आणि ती अट मी सोडायला तयार नाही.

दुःखाचा फोटो सुंदर असणं हाच अन्याय आहे, असंही काही जण म्हणतात. ब्राझीलमधल्या सेरा पेलाडाच्या सोन्याच्या खाणीचे सेबास्टियाव साल्गादोने १९८६ मध्ये काढलेले फोटो आले तेव्हापासून हा आक्षेप ऐकू येतो. तो मला पटत नाही. शिड्यांवरून पोती वाहणाऱ्या त्या हजारो माणसांवर नजर खिळून राहते ती रचनेमुळेच, आणि नजर खिळली तरच पोत्याचं वजन आणि शिडीचा चढ ध्यानात येतो.

तर दाद द्यायची कशी? फोटोपासून सुरुवात करायची तर घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट, फोटोओळ झाकून. आधी चारही कडांवरून नजर फिरवावी: चौकटीने कोणाला कापलं आहे? मग कॅमेऱ्याची उंची. समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आहे, वरून खाली बघतोय की खालून वर? वरून घेतलेलं बसलेलं माणूस लहान आणि हतबल दिसतं, आणि तो निर्णय फोटोग्राफरचा असतो. मग अंतर. चेहरा चौकटभर असून नाक-कान प्रमाणात दिसत असतील तर तो बहुधा जरा लांबून, मोठ्या फोकल लेंग्थने, म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सने घेतलेला. हात किंवा नाक फुगलेलं दिसत असेल तर वाइड लेन्स आणि अगदी हातभर अंतर, म्हणजे समोरच्याला कॅमेरा पक्का माहीत होता. उजेड कुठून येतो? जेकब रीसने १८८० च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या झोपडपट्टीत मॅग्नेशियमच्या पावडरीचा भडका करून फोटो काढले. त्यातल्या माणसांच्या चेहऱ्यावरची दचक अंशतः त्या भडक्याची आहे, गरिबीची नव्हे. हे ओळखता आलं नाही तर आपण फोटोग्राफरचा परिणाम माणसाच्या स्वभावावर घालतो.

एवढं झाल्यावर फोटोओळ उघडायची. फोटोओळ हा फोटोचा निम्मा भाग आहे, हे ल्युइस हाइनइतकं कोणी दाखवलं नाही. १९०८ पासून तो अमेरिकेतल्या बालकामगारविरोधी समितीसाठी गिरण्या, खाणी, कॅनिंगचे कारखाने पालथे घालत होता. आत शिरायला कधी विक्रेत्याचं, कधी तपासनिसाचं सोंग घ्यायचा. मुलांची उंची कळावी म्हणून कोटाच्या कोणत्या बटणापर्यंत मूल येतं ते बघायचा आणि खिशातल्या खिशात वहीत टिपून घ्यायचा. दक्षिण कॅरोलिनातल्या कापडगिरणीतल्या एका मुलीच्या फोटोखाली तिची उंची ४८ इंच आणि तिथे काम करून सहा महिने झाले, असं लिहिलेलं आहे. कुठेही गळा काढणारं विशेषण नाही. यंत्रांची लांबच लांब रांग आणि ४८ इंच हे दोन्ही एकत्र आलं की वेगळ्या सुरावटीची गरजच राहत नाही. ज्या फोटोला कोण, कुठे, कधी, काय करताना आणि कोणी काढला या पाचांपैकी तीन उत्तरंही नाहीत, तो फोटो कितीही हलवून टाकणारा असला तरी लगेच पुढे पाठवू नये.

गाण्यालाही हाच न्याय. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून गाण्याबद्दल मत देऊ नये. त्या चिमुकल्या स्पीकरमधून साधारण ३०० हर्ट्झच्या खालचं फारसं काही येत नाही, आणि बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा असतो. लोकप्रिय गाण्याचा कणा त्या खालच्या भागातच असतो. साधे हेडफोन लावून तीनदा ऐकावं. एकदा फक्त शब्द. दुसऱ्यांदा शब्द सोडून फक्त ठेका आणि बेस: गायिका ठोक्यावर येतेय की किंचित मागे रेंगाळतेय? बिली हॉलिडेचं अर्धं बळ त्या रेंगाळण्यात आहे. तिसऱ्यांदा ध्रुवपद परत येतं तेव्हा काय बदललं तेवढंच टिपावं: वाद्य वाढलं का, आवाज पिळवटला का, की उलट सगळं काढून घेऊन आवाज एकटा ठेवला? सामाजिक आशयाचं गाणं बिघडतं ते बहुधा याच ठिकाणी. शब्द कष्टकऱ्याचे आणि वाद्यमेळ विजयाचा, असं झालं की श्रोता नाचून मोकळा होतो.

शाळा, वाचनालयं, फिल्म क्लब, संस्था यांना दोन्ही कलांचा एकत्र कार्यक्रम करायचा असेल तर तो दोन तासांत उत्तम होतो. सहा फोटो आणि तीन गाणी, त्याहून जास्त घेतलं की गर्दी होते. प्रत्येक फोटो पूर्ण चौकटीत, वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या तर येऊ द्याव्यात. एक मिनिट शांतता, दोन मिनिटं प्रेक्षकांनी फक्त काय दिसतं ते सांगायचं, मग फोटोओळ वाचायची आणि त्यानंतरच चर्चा. गाण्याच्या वेळी पडदा कोरा ठेवावा, शब्द कागदावर द्यावेत, गाणं पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत वाजवावं. बहुतेक ठिकाणी बिघडतं ते फोटोंची संख्या वाढवल्याने आणि सूत्रसंचालकाने शांतता सहन न होऊन बोलायला सुरुवात केल्याने. व्हिडिओच करायचा असेल तर आठ फोटोंच्या पुढे जाऊ नये, प्रत्येकाला किमान दहा सेकंद द्यावेत, फोटोओळ आणि फोटोग्राफरचं नाव त्याच चौकटीखाली असावं, शेवटच्या सर्रकन जाणाऱ्या यादीत नव्हे. खाली आवाज हवाच असेल तर त्या जागेचा घ्यावा, यंत्रांचा, बाजाराचा, पावसाचा, आणि तोही खरोखर त्याच जागेचा असेल तरच.

आणि परवानगी. ती दोन माणसांची असते, हे विसरलं जातं. लँगच्या फोटोतल्या त्या आईचं नाव लँगने विचारलं नव्हतं. तो फोटो वर्तमानपत्राकडे पोचल्यावर तळावर सरकारी मदतीचं अन्न आलं, पण तोवर ते कुटुंब पुढच्या कामाच्या शोधात निघून गेलेलं होतं. तिची ओळख जगाला १९७८ मध्ये पटली, तेव्हा त्या फोटोतून आपल्या पदरात काहीच पडलं नाही, तो काढलाच नसता तर बरं झालं असतं, असं तिचं म्हणणं होतं. जपानमधल्या मिनामाताच्या पाराविषबाधेवर काम करताना यूजीन स्मिथने डिसेंबर १९७१ मध्ये एका आईचा फोटो काढला. गर्भात असतानाच विषबाधा झालेल्या आपल्या मुलीला ती न्हाऊ घालते आहे. आईवडिलांच्या संमतीने काढलेला हा फोटो जगभर गेला आणि लढ्याला त्याने मोठं बळ दिलं. मुलगी गेल्यानंतर मात्र तो सतत समोर येत राहणं आईवडिलांना जड जाऊ लागलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस स्मिथची सहकारी आणि पूर्वाश्रमीची पत्नी आयलीन स्मिथ हिने त्या फोटोच्या वापराचा निर्णय त्यांच्याकडे सोपवला. त्यांनी त्या मुलीला आता विश्रांती मिळू दे म्हटलं आणि फोटो नव्याने छापायला देणं तेव्हा थांबवण्यात आलं.

तेव्हा आधी फोटोग्राफरला किंवा संग्रहाला लिहून विचारावं: हा फोटो अमुक कार्यक्रमात, अमुक आकारात, आवाजाशिवाय दाखवायचा आहे. फोटोतल्या माणसांनी कधी कसली अट घातली आहे का, हेही त्याच पत्रात विचारावं. उत्तर यायला तीन-चार आठवडे लागतील असं धरून चालावं. उत्तर आलं नाही तर तो फोटो घेऊ नये. तो ज्या संग्रहालयात किंवा ग्रंथालयात फोटोओळीसकट ठेवलेला आहे, तिथला पत्ता लोकांना द्यावा.